खामगावाहून जालना किती लांब?



आजच्या भाषणाचा विषय तसा साधा आहे. दोन गावांमधले अंतर म्हणजे नेमके काय, ते मोजायचे कसे, आणि त्या अंतराला लागणारा वेळ कशावर ठरतो, एवढेच आपल्याला पाहायचे आहे. विषय भूगोलाचा आहे, थोडा गणिताचा आहे, आणि शेवटी शेवटी तो आपल्या घरच्या लेकराबाळांपर्यंत येऊन पोहोचणार आहे. म्हणून खेड्यापाड्यांतील श्रोत्यांनी आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनी थोडे लक्ष देऊन ऐकावे, अशी विनंती आहे.

प्रश्न असा घेऊ : खामगावाहून जालना किती लांब?

या एका प्रश्नाला तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत. नकाशावर खामगाव आणि जालना या दोन टिंबांमध्ये पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर अंतर भरते सुमारे १२० किलोमीटर. मोटारीने चिखली, देऊळगाव राजा या मार्गाने गेले, तर ते होते साधारण १४० किलोमीटर. आणि कोणी म्हणाला, की मला खामगावच्या स्टेशनात आगगाडीत बसायचे आहे आणि जालन्याच्या स्टेशनात उतरायचे आहे, तर त्या गृहस्थाला ४०० किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो! तो आधी जलंबला जाणार. तिथून भुसावळ, मनमाड, छत्रपती संभाजीनगर असा पश्चिमेकडून वळसा घालून जालन्याला येणार. नाही तर अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा, परभणी असा पूर्वेकडून फिरून येणार. कोणत्याही बाजूने गेला तरी चारशेच्या आत सुटका नाही.

गावे तीच, जमीन तीच. मग १२०, १४० आणि ४०० असा फरक कशाने पडला? हे नीट समजले, म्हणजे अंतराचा सगळा विषय समजला.

आधी सरळ रेषेतले अंतर घेऊ. यालाच कोणी हवाई अंतर म्हणतात. ते मोजायला दोरी घेऊन रानातून चालत जावे लागत नाही. शाळेत ज्या भिंतीवरच्या नकाशात आपण अक्षांश आणि रेखांश शिकवतो, त्यांतच ते दडलेले असते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. हा आकडा असा गोल कसा आला, असे एखादा चौकस मुलगा विचारील. त्याचे उत्तर असे, की मीटर हे माप ठरवतानाच फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असे धरले होते. त्या हिशेबाने ध्रुवापासून विषुववृत्त १०,००० किलोमीटर आणि सगळा घेर त्याच्या चौपट. मुलाला सांगावे, की बाबा, तुझ्या कंपासपेटीतली पट्टीसुद्धा पृथ्वी मोजूनच तयार झालेली आहे.

आता ४०,००० ला ३६० ने भागले, की एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर येतात. उत्तर-दक्षिण जाताना हा हिशेब सगळीकडे चालतो. पूर्व-पश्चिम जाताना मात्र थोडे सांभाळावे लागते, कारण रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जाताना संत्र्याच्या फोडींसारख्या एकमेकींच्या जवळ येत जातात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरांचा. आपल्या वऱ्हाडात तो सुमारे १०४ किलोमीटरांचा. आणि नॉर्वे, स्वीडनसारख्या उत्तरेकडच्या देशांत, साठाव्या अक्षांशावर, निम्म्याहून किंचितही जास्त नाही, म्हणजे साडेपंचावन्न किलोमीटरांचा. म्हणूनच उत्तरेकडची गावे सपाट नकाशावर एकमेकांपासून फार दूर दिसतात, आणि पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून पाहिले, की ती पुष्कळ जवळ येतात. शाळेत गोल असेल तर हा प्रयोग अवश्य करावा. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन शहरांवर दोरा ताणून धरला, की तो अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला न जाता युरोपच्या उत्तर भागावरून वळलेला दिसतो. मुलांना मोठी गंमत वाटते.

खामगावचा अक्षांश २०.७१, रेखांश ७६.५७. जालन्याचा अक्षांश १९.८४, रेखांश ७५.८८. अक्षांशांतला फरक ०.८७. त्याला १११ ने गुणले, की आले ९७ किलोमीटर. एवढे आपण दक्षिणेला गेलो. रेखांशांतला फरक ०.६९. त्याला १०४ ने गुणले, की आले ७२ किलोमीटर; एवढे पश्चिमेला गेलो. आता हा काटकोन त्रिकोण झाला. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की १२० च्या जरा पुढे उत्तर येते. सातवी-आठवीच्या मुलांना पायथागोरसाचा सिद्धांत फळ्यावर रुक्ष वाटतो. तोच असा आपल्या गावच्या अंतरासाठी वापरून दाखवला, तर तो डोक्यात बसतो आणि परत निघत नाही.

आज हे अक्षांश-रेखांश कोणाच्याही मोबाईल फोनवर क्षणात मिळतात. परंतु ते पहिल्यांदा मोजायला माणसांनी आयुष्ये खर्ची घातली. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा साखळीने मोजली, आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचीत तो हिंदुस्थान मोजत उत्तरेकडे निघाला. टेकडीवरून टेकडीवरचे निशाण पाहायचे, कोन मोजायचा, आणि गणिताने अंतर काढायचे, अशी ती पद्धत. वीस वर्षे हे काम करून तो विदर्भात पोहोचला, आणि १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे वारला. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालवले. त्याच एव्हरेस्टचे नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले. आपल्या देशातल्या गावागावांची सरळ अंतरे आज आपण बिनचूक सांगू शकतो, त्याच्या मुळाशी हे कष्ट आहेत.

हे झाले सरळ अंतर. पण सरळ रेषेने जातो कोण? चिमणी-कावळे जातात. आपण माणसे वाटेने जातो, आणि वाट जमिनीला विचारून जाते.

खामगाव आहे पूर्णेच्या खोऱ्यात. वऱ्हाडातल्या या सखल प्रदेशाला जुने लोक पायनघाट म्हणत आणि वरच्या पठाराला बालाघाट. खामगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, तर बुलढाणा-चिखलीचा भाग ६०० मीटरांच्या आसपास. मध्ये अजिंठ्याच्या डोंगराची ओळ आडवी पसरलेली आहे. खामगावाहून बुलढाण्याला बोथ्याच्या जंगलातून जाणाऱ्यांना तो घाट चांगला माहीत आहे. मोटार हा चढ वळणे घेत घेत चढते, म्हणून सरळ रेषेपेक्षा रस्ता थोडा लांब होतो. एकशेवीसाचे एकशेचाळीस झाले ते असे.

आगगाडीचे मात्र तसे नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. तिला तीव्र चढ चालत नाही. मुंबई-पुण्याच्या बोरघाटात ३७ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर, असा चढ आहे, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. साधारणपणे रेल्वेचे इंजिनिअर शंभराला एक याहून सौम्य चढ पसंत करतात. आता हिशेब करा : ३०० मीटर वर चढायचे, शंभराला एक या चढाने, तर नुसत्या चढणीलाच ३० किलोमीटर लांबीचा मार्ग हवा. तो डोंगराच्या कडेकडेने फिरवावा लागणार, पूल बांधावे लागणार, डोंगर फोडावा लागणार. म्हणजे खर्च आला.

खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची, शंभर वर्षांहून जुनी आहे. आजे गेले, बाप गेले, आता नातू तीच मागणी करीत आहेत. पाहण्या झाल्या, नकाशे झाले. परंतु रूळ अजून पडायचे आहेत. आणि तोवर आगगाडीच्या भाषेत जालना हे खामगावापासून चारशे किलोमीटर लांबच राहणार आहे.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच गावात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. त्या वेळी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. मुंबईहून येणारी लोहमार्गाची मुख्य वाट १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचली. पण ती खामगावहून गेली नाही, जलंबवरून गेली. जलंब ते खामगाव अंतर अवघे १३ किलोमीटर, जुन्या मापाने चार कोस. परंतु पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते, हे मी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला काय सांगावे? ते चार कोससुद्धा व्यापाऱ्यांना लांब वाटले. मग १८७० साली जलंब-खामगाव अशी खास फाट्याची रेल्वे झाली आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. आदल्याच वर्षी, १८६९ च्या नोव्हेंबरात, सुएझचा कालवा खुला झाला होता आणि आगबोटींचा आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा वाचला होता. पाहता पाहता खामगावचा बाजार इंग्लंडच्या बंदराशी जोडला गेला.

श्रोतेहो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. जमीन कोणी हलवली नाही. तरी कापसासाठी लिव्हरपूल जवळ आले, आणि माणसांसाठी जालना लांबच राहिले. अंतर कमी होते ते आपोआप होत नाही. कोणीतरी ते कमी करावे लागते, आणि त्यासाठी आधी कोणाला तरी ते टोचावे लागते.

आता विमानाकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी, की विमान सरळ रेषेने जाते, म्हणून अंतराला वेगाने भागले की वेळ निघाली. हिशेब सोपा आहे, पण तो अपुरा आहे. आपल्याच विभागाचे उदाहरण घेऊ. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अमरावती ते मुंबई सरळ अंतर सुमारे ५४० किलोमीटर. या मार्गावर आले ते दोन पंख्यांचे एटीआर विमान. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास. भागाकार केला तर एक तास पाच मिनिटे. वेळापत्रकात मात्र पावणेदोन तासांच्या सुमाराची वेळ धरलेली होती. वरची चाळीस मिनिटे गेली कुठे?

ती अशी जातात. विमान दरवाजे बंद झाल्यावर धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश चालत जाते. वारा ज्या दिशेने येत असेल त्या दिशेला तोंड करून ते उडते. मग तुमचे गाव पाठीमागे का असेना. वर चढताना त्याचा पूर्ण वेग नसतो, उतरतानाही नसतो. आकाशातसुद्धा ठरलेल्या वाटा असतात. प्रत्येकाला मनाप्रमाणे रेघ ओढता येत नाही. समोरचा वारा असला तर वेळ वाढते, पाठीचा असला तर कमी होते. आणि मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरायची पाळी येईपर्यंत कधी कधी आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून विद्यार्थ्यांना एक ढोबळ नियम सांगावा : सरळ अंतराला वेगाने भागा आणि वर अर्धा तास मिळवा. उत्तर बरेचसे जमते. मोठ्या शहराला जायचे असेल तर आणखी थोडे मिळवावे.

पण हेही नुसते विमानाचे झाले, माणसाचे नव्हे. खामगावचा एखादा माणूस हे विमान धरायचे म्हणाला, तर त्याला काय काय करावे लागेल? मुंबई आहे पश्चिमेला. आणि हा आधी पूर्वेला अमरावतीकडे सुमारे दीडशे किलोमीटर जाणार. तीन तास त्यात गेले. विमानतळावर तासभर आधी पोहोचायला हवे. मग पावणेदोन तास विमान. मुंबईत उतरून सामान घेऊन शहरात पोहोचायला आणखी तास-दीड तास. बेरीज केली तर सात तास होतात. आणि विमान रोज नसेल, तर थांबावे लागले तो दिवस वेगळाच. उलट जलंब किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीत झोपलेला माणूस सकाळी मुंबईच्या फलाटावर तोंड धुतो. अकोल्याजवळ शिवणीला विमानतळ आहे, तो खामगावाला कितीतरी जवळ. पण तिथून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. तेव्हा धावपट्टी जवळ असणे आणि विमान जवळ असणे, या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत.

मग विमान कशाला हवे, असे कोणी विचारील. जिथे जमिनीची वाट फार मोठा वळसा घेते किंवा बंदच होते, तिथे विमानाला तोड नाही. याचे देशातले नामी उदाहरण उत्तरेच्या टोकाला आहे. आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले फौजेत आहेत; त्यांच्या घरच्यांनी श्रीनगर आणि लेह ही नावे नेहमी ऐकलेली असतात. या दोन गावांमधले सरळ अंतर सुमारे २५५ किलोमीटर, म्हणजे खामगाव ते नागपूर याहून थोडे कमीच. परंतु रस्त्याने तेच अंतर ४२० किलोमीटरांच्या पुढे जाते. वाटेत झोजिला खिंड लागते, ती साडेतीन हजार मीटरांहून उंच. हिवाळ्यात तिथे बर्फ साचले, की रस्ता बंद. पूर्वी तो कित्येक महिने बंद राही. आता बर्फ काढणारी यंत्रे आल्याने बंदीचे दिवस कमी झाले आहेत, आणि खिंडीखालून बोगदा खोदण्याचे काम २०२० सालापासून चालू आहे. विमानाला मात्र या अंतरासाठी तासाभराहूनही कमी वेळ लागतो. आपला नियम लावून पाहा : २५५ ला ताशी ८०० ने भागले की १९ मिनिटे, वर अर्धा तास, झाली पन्नास मिनिटे.

पण ही पन्नास मिनिटे फुकट मिळालेली नाहीत. १९४८ च्या मे महिन्यात लेहवर शत्रूची धाड येऊन ठेपली होती. जमिनीवरून कुमक पोहोचायला पंधरवडा लागला असता. लेहमध्ये सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने तिथल्या लोकांना हाताशी धरून वाळवंटात एक साधी धावपट्टी तयार करवून घेतली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन आपले डाकोटा विमान हिमालय ओलांडून तिथे उतरवले. तीन हजार मीटरांहून अधिक उंचीची ती जागा. विरळ हवेत पंखांना आधार कमी. आणि अशा उंचीवर त्या जातीचे विमान कसे वागेल, याचा अनुभव कोणापाशी नव्हता. त्यांच्या मागून सैनिक घेऊन विमाने गेली आणि लेह वाचले. आजही लेहची विमाने बहुधा सकाळीच ये-जा करतात, कारण दुपारी ऊन तापले की हवा आणखी विरळ होते आणि खोऱ्यात वारे सुटतात. म्हणजे आकाशातली वाटसुद्धा दिवसातून काही तास उघडी आणि काही तास बंद असते.

आता, श्रोतेहो, लडाखमधून परत आपल्या शिवारात येऊ. तुम्ही म्हणाल, हे सगळे ऐकून आम्हांला काय करायचे? आम्हांला ना विमानाने जायचे, ना डोंगर मोजायचे. म्हणून आता मुख्य मुद्दा सांगतो.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा कायदा २००९ साली झाला. त्याखालच्या नियमांत असे ठरले, की पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. चांगला नियम आहे. पण एक किलोमीटर म्हणजे कोणता? नकाशावरचा की पायाखालचा? वस्ती नाल्याच्या अलीकडे आणि शाळा नाल्याच्या पलीकडे असली, तर नकाशावर अंतर आठशे मीटर भरेल. पण जुलै महिन्यात नाल्याला पूर आला, की त्याच मुलाला पुलावरून तीन किलोमीटरचा फेरा पडतो, नाही तर त्या दिवशी शाळा बुडते. ज्यांनी केंद्राचे नमुना नियम लिहिले, त्यांच्या हे ध्यानात होते. डोंगराळ भाग, पुराचा धोका, रस्त्याचा अभाव किंवा लहान मुलांना येण्याजाण्यात धोका असेल, तिथे हे अंतर कमी धरून शाळेची जागा ठरवावी, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहून ठेवले आहे. म्हणजे कायदासुद्धा सरळ रेघेवर विसंबत नाही. पण नियम कागदावर असतो. तिथे नाला आहे, तो किती दिवस वाहतो, हे कागदाला कोणीतरी सांगावे लागते.

कमी पटाची शाळा दुसरीत मिळवायची असो, आरोग्य उपकेंद्राची जागा ठरवायची असो, की एस. टी. चा थांबा द्यायचा असो, वरच्या कचेरीत बसलेला माणूस आधी नकाशा पाहतो. आता तर संगणकावर दोन टिंबे दाखवली की अंतर आपोआप येते, आणि पुष्कळदा ते सरळ रेषेतलेच असते. त्यात त्या अधिकाऱ्याचा वाईट हेतू असतो असे नाही. त्याच्या नकाशावर पाणंद दिसते, पण पाणंदीतला गुडघाभर चिखल दिसत नाही. बाळंतपणासाठी अडलेल्या बाईला खाटेवर टाकून पक्क्या सडकेपर्यंत आणावे लागते, तो अर्धा कोस कुठल्याच तक्त्यात येत नाही. रुग्णवाहिका सडकेवर येऊन उभी राहते. पण सडकेपर्यंतची वाट तिच्या हिशेबात नसते.

आपल्या जुन्या माणसांची मापे या बाबतीत अधिक शहाणी होती, असे म्हणावेसे वाटते. ती म्हणत, अमुक मळा हाकेच्या अंतरावर आहे. अमुक गाव एका मजलेवर आहे. हाक म्हणजे माणसाचा आवाज पोहोचेल तेवढे; मजल म्हणजे माणूस आणि जनावर एका दिवसात चालून जातील तेवढे. चढ असला तर मजल आखूड होई, सपाटी असली तर लांबे. म्हणजे त्या मापात जमीनही आली, ऋतूही आला आणि चालणाऱ्याचे बळही आले. अर्थात त्यात अडचणही होती. धडधाकट माणसाला विचारले, तर तो "हे काय जी, इथंच तं आहे!" म्हणून मोकळा होतो, आणि त्याचे "इथंच" ऐकून निघालेल्या म्हाताऱ्याचे पाय गळून जातात. म्हणून किलोमीटर हवेतच. १९५६ च्या कायद्याने देशभर एकच माप आणले, हे फार चांगले झाले. फक्त किलोमीटरच्या जोडीला तीन प्रश्न नेहमी विचारावेत : कोणत्या वाटेने? कोणत्या ऋतूत? आणि जाणारा कोण?

शिक्षक बंधुभगिनींना यासाठी एक उपक्रम सुचवावासा वाटतो. त्याला पैसा लागत नाही. पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाने वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात घर ते शाळा सरळ अंतर, गावच्या नकाशावरून किंवा आता सांगितलेल्या हिशेबाने काढलेले. दुसऱ्यात वाटेचे अंतर, पावले मोजून. आधी शंभर पावलांचे किती मीटर होतात ते टेपने एकदा पाहून ठेवावे. तिसऱ्यात उन्हाळ्यात लागणारी मिनिटे. चौथ्यात पावसाळ्यात लागणारी मिनिटे, आणि नाल्यामुळे किंवा चिखलामुळे बुडालेले दिवस. वर्षभर ही नोंद ठेवली, तर तीत भूगोल आला, गणित आले, पर्जन्यमानही आले. भाषेच्या तासाला त्यावर निबंध लिहून घ्यावा.

आणि वर्षाच्या शेवटी त्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत ती वही वाचून दाखवावी. "आमच्या गावाला पूल हवा" असे शंभर अर्ज गेले असतील. पण "अमुक वस्तीतल्या चौदा मुलांचे सरळ अंतर इतके, वाटेचे अंतर इतके, आणि पावसाळ्यात शाळेचे इतके दिवस बुडाले" असा अर्ज क्वचितच जातो. आकड्यांचा अर्ज बाजूला सारणे कोणत्याही कचेरीला अवघड असते. लॅम्बटनने हिंदुस्थान मोजला तो राज्यकर्त्यांसाठी. आपल्या मुलांनी आपला गाव मोजावा तो आपल्यासाठी.

शेवटी पुन्हा एकदा तोच प्रश्न घेऊ. खामगावाहून जालना किती लांब? कावळ्याला १२० किलोमीटर, मोटारीला १४०, आगगाडीला ४०० च्या वर. परीक्षेत मुलाने यातले कोणतेही उत्तर लिहिले, तर ते चूक ठरवू नका. त्याला एवढेच विचारा, की बाळ, तू कशाने निघाला आहेस? आणि आपल्यापैकी जे पंच आहेत, सरपंच आहेत, समित्यांवर आहेत, त्यांनी नकाशावर बोट ठेवून "जवळच तर आहे" असे म्हणण्याआधी त्या वाटेने एकदा श्रावणात चालून पाहावे. बरोबर पहिलीतले एखादे पोर घ्यावे, त्याच्या पाठीवर दप्तर असावे, आणि त्याच्या पावलाने चालावे. जे अंतर भरेल, ते खरे अंतर.